चाकाखालचा गोटा

प्रताप नगरात संध्याकाळी बायकोबरोबर फिरायला निघालो, की तिची एकच तक्रार असते: हा माणूस समोर बघून चालत नाही. खरं आहे. मी कडेला उभ्या असलेल्या गाड्यांच्या चाकांकडे बघत चालतो. जरा उतार दिसला आणि त्यावर एखादी गाडी उभी दिसली, की माझा जीव खालीवर व्हायला लागतो. हॅण्डब्रेक ओढला असेल का? गिअरमध्ये टाकली असेल का? परवा पाण्याच्या एका टँकरखाली वाकून पाहत होतो, तर ड्रायव्हर धावतच आला. त्याला वाटलं, म्हातारा डिझेल चोरून राहिला. बायको तोवर दूर जाऊन उभी. जसं काही मला ओळखतच नाही.

मी ट्रॅक्टरचा मिस्त्री. आता गॅरेज दुसऱ्याच्या हाती दिलं आहे, पण हात अजून शिवशिवतात. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हातमाग होता. वडील मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले, की जेवणाची हाक येईपर्यंत उठत नसत. मला मात्र दोन वेळा धोटा फेकला की उठून फिरून यावंसं वाटायचं. वडील म्हणायचे, "याच्या पायाला भिंगरी आहे, हा काय विणणार!" बरोबरच होतं त्यांचं. मी लोखंडाकडे गेलो. पण तिथंही स्वभाव काही सुटला नाही. काम हातावेगळं झालं तरी डोक्यावेगळं होत नाही. नट कसलेला आहे हे माहीत असताना अर्ध्या रस्त्यातून परत जाऊन पुन्हा पाना लावून पाहणारा मी माणूस.

आता हॅण्डब्रेकबद्दल थोडं सांगतो, कारण ज्यांचा ट्रॅक्टरशी संबंध नाही त्यांना वाटतं की तो एक वेगळाच ब्रेक असतो. तसं नाही. लहान ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पायडलं असतात, मागच्या डाव्या चाकाचं एक आणि उजव्याचं एक. शेतात वळताना एकच दाबायचं, म्हणजे ट्रॅक्टर जागच्या जागी फिरतो. रस्त्यावर दोन्ही एका खिटीनं जोडून घ्यायची. आणि हॅण्डब्रेक एवढंच करतो की दाबलेली पायडलं दाबलेलीच धरून ठेवतो. तुम्ही पाय काढून घेता आणि तो तुमच्या पायाच्या जागी उभा राहतो. म्हणजे चाकातला ब्रेकच धरत नसेल, तर हॅण्डब्रेक खांद्यापर्यंत ओढा, ट्रॅक्टर जायचा तिथं जाणारच.

आमच्या भागात या हॅण्डब्रेकवर कोणाचाच भरोसा नाही. प्रत्येकाच्या ट्रॅक्टरवर सीटमागे एक गोटा ठेवलेला सापडेल. थांबले, उतरले, चाकाला गोटा लावला, झालं. लकडगंजच्या एका आरामशीनवाल्या शेठनं गोट्याऐवजी सागवानाची पाचर करून घेतली होती, चांगली पॉलिश मारलेली. मी म्हटलं, "शेठ, अहो ब्रेक काहून नाही लावत?" तर म्हणतो कसा, "रोज रोज लावून त्याले घासून टाकू का? वेळेवर कामी आला पाह्यजे ना!" त्याचा हॅण्डब्रेक न वापरून इतका गंजला होता की दोघांनी ओढला तरी हलेना. माझ्या धंद्यात असे शहाणे पुष्कळ भेटले. पण ज्या एका ब्रेकनं माझी झोप, जेवण आणि बायकोशी बोलणं असं सगळंच बिघडवलं, तो सुनंदाबाईंच्या ट्रॅक्टरचा.

उमरेड रोडनं आत गेलं की त्यांचं गाव लागतं. संत्र्याची बाग. घर टेकाडावर, अंगणापासून फाटकापर्यंत सरळ उतार आणि फाटकाच्या खाली विहीर. ट्रॅक्टर लहान, झाडांच्या ओळींतून फिरणारा, जुना, कोरड्या ब्रेकचा, म्हणजे ज्याच्या ब्रेकात तेल नसतं. नवरा कामठीला नोकरीला, पहाटेच्या बसनं जायचा. घरी सुनंदाबाई आणि त्यांचे सासरे गणपतबाबा. बाबांनी उभी हयात बैलांवर शेती केली. शेवटची जोडी विकली तेव्हा ते आठवडाभर कोणाशी बोलले नाहीत म्हणे. गोठ्यातली गव्हाण मात्र त्यांनी तोडू दिली नाही. आता त्या गोठ्यात ट्रॅक्टर उभा राहायचा.

ट्रॅक्टर सुनंदाबाई चालवायच्या. त्याआधी फवारणीसाठी भाड्याच्या ड्रायव्हरची वाट बघावी लागायची. तो यायचा तोपर्यंत अर्धी फळं गळून खाली. मग त्या स्वतःच शिकल्या. मला एकदा म्हणाल्या, "मिस्त्रीजी, स्टेअरिंग हाती आलं तवापासून मले सकायी उठून कोनाच्या तोंडाकडे पाहा नाही लागत." हे सांगताना बाईंचा चेहरा असा खुलला होता, की मलाही उगीच बरं वाटलं.

ट्रॅक्टर मात्र दोन भावांत होता. नवऱ्याचे थोरले भाऊ वामनभाऊ, म्हणजे सुनंदाबाईंचे भासरे, शेजारच्याच घरात राहायचे. त्यांना बाईनं ट्रॅक्टर चालवणं पहिल्या दिवसापासून पटलं नव्हतं. फक्त बोलायला निमित्त हवं होतं. ते ब्रेकनं दिलं.

झालं असं, की सुनंदाबाईंनी ट्रॅक्टर उतारावर थांबवला, हॅण्डब्रेक ओढला आणि फाटक उघडायला उतरल्या. मागे चाकांची करकर ऐकू आली म्हणून वळून पाहतात, तर ट्रॅक्टर त्यांच्याच मागे मागे येतो आहे. त्या बाजूला उडी मारून वाचल्या. फाटक मोडलं आणि ट्रॅक्टर विहिरीच्या अलीकडे एका संत्र्याच्या झाडाला अडून थांबला.

मी गेलो. थोड्याच दिवसांपूर्वी त्याला लायनर मीच टाकून दिलं होतं. ड्रम खोलला. आत ब्रेकच्या शूवर जे लायनर असतं, म्हणजे जे ड्रमला घासून चाक थांबवतं, ते पार बुळबुळीत झालेलं. त्यावर पिवळसर, चिकट थर. मी म्हटलं, सोपं आहे, एक्सलचं सील गळून राहिलं, तेल ब्रेकात उतरलं आणि धूळ बसून चिखल झाला. सील बदललं, लायनर नवीन टाकलं. नवीन लायनर सुरुवातीला आवाज करतं. ब्रेक दाबला की कुईंऽऽ असं ओरडतं आणि घासून घासून ड्रमवर नीट बसलं की गप्प होतं. मी बाईंना तसं सांगितलं आणि निघालो.

दोन आठवडे झाले नसतील, फोन आला. पुन्हा तेच. या वेळी अंगणात. नशीब, अंगणाचा तेवढा भाग गोठ्याकडे उतरता होता. ट्रॅक्टर सावकाश घरंगळत गेला आणि रिकाम्या गव्हाणीला टेकून उभा राहिला. मी पोचलो तेव्हा गणपतबाबा गव्हाणीवर बसून होते. मला म्हणतात, "बैलावानी वयन आहे त्याले. बरोबर आपल्या जागी गेला, पाह्य."

वामनभाऊ मात्र हसण्याच्या मूडमध्ये नव्हते. त्यांनी माझ्यासमोरच सुनंदाबाईंना सुनावलं, "मिस्त्रीनं ब्रेक करून देल्ला, सील बदललं, तरी गाडी जाते म्हणजे काय? ब्रेक खराब नाही वं, हात खराब आहे! वढतच नसशीन तू बरोबर. ते काही नाही. पोया झाला की ट्रॅक्टर माह्या दारात लागीन. ड्रायव्हर ठेवू."

"म्या वढला होता भाऊजी. दोन्ही पायडलं जोडून वढला होता," बाई म्हणाल्या.

"मंग भूत बसलं का त्याच्यावर?"

बाई माझ्याकडे बघू लागल्या. हॅण्डब्रेकची कडी मी तपासली होती, दाते शाबूत होते. सील नवीन, एक थेंब गळत नव्हता. आणि ड्रम खोलला तर लायनरवर पुन्हा तोच पिवळा, चिकट थर! माझं डोकंच चालेना. एक्सलचं तेल काळपट असतं. हे पिवळं कुठून आलं? बोटावर घेतलं, वास घेतला. वास ओळखीचा होता, अगदी घरातला, पण काही केल्या नाव आठवेना. लायनर पेट्रोलनं धुतलं, पॉलिश पेपर मारला, पण एकदा तेल प्यायलेलं लायनर कितीही धुवा, त्याचा भरोसा नसतो. नवीन लायनर आणतो म्हणून सांगितलं आणि तोवर ट्रॅक्टर हलवू नका म्हणून बजावलं.

परतीच्या रस्त्यावर मी गाडी तीनदा थांबवली आणि बोटाचा वास घेतला. येणारे-जाणारे बघत होते. बघू देत. पोळा तोंडावर आला होता. एका बाईची रोजीरोटीच नव्हे, तिची सगळी ऐट त्या ट्रॅक्टरवर होती आणि ती माझ्या न कळण्यापायी जायची पाळी आली होती. आणि मी स्वतःला मिस्त्री म्हणवत होतो.

घरी जेवायला बसलो. ताट हातात घेऊनच उठलो, अंगणात गेलो, परत आलो. बायको म्हणाली, "काय चाललं आहे? बसा ना एका जागी!" आणि माझ्या हातातलं ताट घेताना थबकली. माझा हात तिनं नाकाशी धरला. "कुठं पडले-बिडले का तुम्ही? सांगत काहून नाही? हाताले लेपाचा वास येऊन राहिला."

"कशाचा?"

"लेपाचा. हळद-तेल गरम करून लावते ना मुकामारावर, तो. जवसाचं तेल आहे हे."

हळद! तिथं वास घेतला, रस्ताभर घेतला आणि नाव आठवलं नाही, कारण ब्रेकच्या ड्रममध्ये हळद असेल असं कोणता मिस्त्री मनात आणेल? गिअरचं तेल असतं, डिझेल असतं, चिखल असतो, एकदा तर उंदराची पिल्लं निघाली होती. पण मुकामाराचा लेप ट्रॅक्टरला कोण लावणार? आणि लावणार तर काहून?

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच नवीन लायनर घेतलं. गॅरेजातली कामं कशीबशी उरकली, एका गिऱ्हाइकावर विनाकारण खेकसलो आणि दुपार कलती झाली तसा निघालो. पोळा एका दिवसावर होता. वाटेत गावागावांत बैल धुऊन उभे केलेले दिसत होते. मला कशातच रस नव्हता.

सुनंदाबाईंच्या अंगणात शिरलो आणि जागीच थांबलो. गोठ्यात ट्रॅक्टर उभा. त्याच्या मागच्या चाकापाशी गणपतबाबा पाटावर बसलेले. शेजारी वाटीत तूप-हळद, हातात पळसाची पानं. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदशेकणी करतात. वर्षभर जू ओढून सुजलेले, घट्टे पडलेले खांदे तूप-हळदीनं चोळून शेकायचे आणि बैलाच्या कानात दुसऱ्या दिवसाच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं. बाबा ट्रॅक्टरच्या चाकाच्या आतल्या बाजूला, ब्रेकच्या ड्रमवर हात फिरवत होते, जसा बैलाच्या वशिंडावर फिरवावा तसा. ड्रमवर सेटिंग करायसाठी एक भोक असतं, त्याला रबराचं बूच असतं. ते बूच बाबांनी काढून शेजारी नीट ठेवलं होतं. वाटीतलं तूप चमच्यानं त्या भोकात सोडत ते हळूच म्हणत होते, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मला ओरडायचं होतं. खरं सांगतो, तोंडाशी शिवी आली होती. पण त्या माणसाचा तो आवाज ऐकून ती गिळली. मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो.

"बाबा, हे काय करून राहिले?"

"खांदा दुखते गा त्याचा," बाबा म्हणाले. "तू काम करून गेला का वरडते. कुईं कुईं करते बिचारा. मंग म्या हयद-तेल गरम करून टाकतो, दोन दिवसांत गप्प होते. मुकं जनावर आहे, सांगन कोनाले?"

मी कपाळाला हात लावला. म्हणजे चक्र असं होतं: मी नवीन लायनर टाकायचो, ते ओरडायचं. ते ओरडलं की बाबांना कळवळा यायचा. बाबा तेल सोडायचे आणि बूच जसंच्या तसं लावून टाकायचे. मग ब्रेक गप्प व्हायचा आणि उतारावर सुटायचा.

मी बाबांना सांगितलं. जमेल तितकं सावकाश, माझ्या स्वभावाला न शोभेल इतकं सावकाश. बाबा, ब्रेक म्हणजे घासणं. तेल घातलं की घासत नाही आणि ट्रॅक्टर सुटतो. फाटकापाशी सूनबाई त्याच्यापुढंच होत्या. बाबा ऐकत होते. मग त्यांनी वाटी खाली ठेवली. हात धोतराला पुसला आणि आत निघून गेले.

सुनंदाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"मिस्त्रीजी, भासऱ्याइले सांगू नोका," त्या म्हणाल्या. "पूर्ण गाव हासन. बुढ्याचं डोकं फिरलं म्हनतीन."

"आणि नाही सांगितलं तर ट्रॅक्टर जाईन तुमचा!"

"थो बी नाही गेला पाह्यजे."

"बाई, दोन्ही कसं जमीन?"

"ते मले नाही माहीत. मले दोन्ही पाह्यजे." आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मला राग आला, बाईंचा नाही, कोणाचाच नाही, नुसताच राग आला. मी ड्रम खोलला. तूप पुसलं, पेट्रोलनं धुतलं, नवीन लायनर बसवलं आणि अंधार पडायच्या आत बूच पक्कं चिकटवून टाकलं. रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर. लायनर अजून घासून बसलेलं नव्हतं. धरेल की नाही, हे उतारावर उभं केल्याशिवाय कळणार नव्हतं.

पोळ्याला दुपारी पुन्हा हजर झालो. कोणी बोलावलं नव्हतं. ट्रॅक्टर धुऊन, फुगे आणि बेगड लावून अंगणाच्या तोंडाशी उभा होता, तोंड उताराकडे. समोरच्या चाकाला गोटा. आता गावात बैल थोडे आणि ट्रॅक्टर जास्त, म्हणून पोळ्याच्या तोरणाखाली ट्रॅक्टरही लागतात. सुनंदाबाई सीटवर बसल्या होत्या. वामनभाऊ चार माणसं घेऊन आले आणि हात पुढे केला.

"चाबी दे. पोयात लोकाइच्या अंगावर घालशीन का?"

"भाऊजी, ब्रेक झाला आता."

"मागच्या वक्ताले बी झालता!"

मी पुढे झालो. सांगून टाकावं असं मनात आलं. तेवढ्यात बाबा बाहेर आले. नवं धोतर, डोक्याला पटका. ते सरळ माझ्याकडे आले.

"मिस्त्री, ब्रेक धरते का?"

"धरते बाबा. पण नवीन आहे, अजून बसला..."

"धरते का नाही?"

"धरते."

बाबा उतारावर गेले, ट्रॅक्टरच्या पुढे आणि चाकासमोर मांडी घालून जमिनीवर बसले. पाठ टायरला जवळजवळ टेकलेली.

"बाबा!" वामनभाऊ ओरडले.

"तू गप्प. मिस्त्री, गोटा काढ. सूनबाई, ब्रेक वढ अन्‌ पाय काढ."

सुनंदाबाईंनी स्टेअरिंग घट्ट धरलं. "नाही मामाजी. मी नाही करत."

"काढ म्हनतो ना वं!"

मी गोटा काढला. देवाशपथ, असं काम मी आयुष्यात केलं नाही. बाईंनी दोन्ही पायडलं जोडली, दाबली, हॅण्डब्रेक ओढला, गिअर काढला आणि पाय वर घेतला. कुईंऽऽऽ! सगळ्या अंगणात तो आवाज घुमला. ट्रॅक्टर जरासा हलला, टायर बाबांच्या पाठीला लागला आणि थांबला. फुगे हलत राहिले.

बाबा मान वर करून ऐकत होते.

"वरडते," ते म्हणाले.

"हो बाबा. नवीन ब्रेक ओरडतोच."

"वरडू दे. आता नाही घालत म्या तेल." मग ते थोरल्या मुलाकडे वळले. "म्याच घालत होतो वामन. हयद-तेल. मले वाटलं, खांदा दुखते. पोरीचा हात चांगला आहे. बुढ्याची अक्कल कच्ची होती."

वामनभाऊंचा पुढे केलेला हात तसाच राहिला. मग तोच हात त्यांनी वडिलांना उठवायला खाली नेला. बाबांनी तो धरला नाही.

"सूनबाई, तू ये. तू उठव."

त्यांना उठवायचं म्हणजे बाईंना सीट सोडून खाली यावं लागणार होतं. ट्रॅक्टर उतारावर, वर कोणी नाही, पायडलावर पाय नाही आणि खाली बाबा. त्या उतरल्या. ट्रॅक्टरला वळसा घालून पुढे आल्या. वाकल्या. बाबांना दोन्ही हातांनी उठवलं आणि त्यांच्या धोतराची माती झटकली. मागे ट्रॅक्टर जागच्या जागी उभा होता.

बाबा माझ्याजवळून जाताना थांबले. माझ्याकडे बघून गालात हसले.

"मिस्त्री, गोटा ठेव आता खाली. तुह्याच कामावर तुहा भरोसा नाही का गा?"

मी खाली बघितलं. चाकाच्या अगदी जवळ मी वाकून उभा होतो आणि गोटा अजून माझ्या दोन्ही हातांत होता.